सहावं तिकीट

विनू, तुझ्यासाठी रडणारी माणसं बघून मला तुझा हेवा वाटला. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं. पन्नास वर्षं तुझ्यापासून हीच गोष्ट लपवत आलो. आता तू नाहीस, तर लपवायची कुणापासून?

शुक्रवार होता, म्हणून विद्यापीठातली पोरं नेहमीसारखी संध्याकाळी पाचला तुझ्या घरी आली. तू जाऊन नऊ दिवस झाले होते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनचं ऑगस्टचं ऊन असं, की तुझ्या अंगणातल्या लोखंडी खुर्चीला हात लावता येत नव्हता. तरी ती सायकली भिंतीला टेकवून, हातात झाकलेली भांडी घेऊन एकेक करत आत आली. ओमानचा तो उंच मुलगा, नेपाळच्या दोघी बहिणी, मेक्सिकोच्या सीमेवरच्या नोगालेसहून आलेली मारिसोल, चार-पाच तेलुगू पोरं. तुझ्या घरातले चमचे कुठल्या खणात असतात, चहाचं आलं कुठे ठेवतात, मागचं दार ओढताना कुठे उचलून धरावं लागतं, हे त्यांना सगळं माहीत. मला काहीच माहीत नाही. तुझा सगळ्यात जुना मित्र सनीव्हेलहून येऊन सोफ्यावर पाहुण्यासारखा बसलेला, आणि कुठलीशी मुलगी त्याला विचारते, "काका, पाणी देऊ का?"

तुझ्या घरी मला पाणी विचारणारी ही कोण, असं माझ्या मनात आलं. तू गेलेला, आणि मला हे सुचत होतं.

मत्सर काही नवा नव्हता. आपण दोघं टूसॉनला एकाच सेमिस्टरला उतरलो. मी पुण्याहून, तू नागपूरहून. मी पहिल्या दिवशी उन्हानं आडवा झालो आणि तू बाहेर जाऊन हात पसरून उभा राहिलास. "बाप्पा! घरी आल्यासारखं वाटून राहिलं बे!" आपल्या त्या दोन खोल्यांत खिडकीला पाण्याचा कूलर होता. घरमालकिणीला वाटायचं, परदेशातून आलेल्या पोरांना तो चालवता येणार नाही. तू तो उघडलास, आतलं जुनं गवत काढलंस, नवं बसवलंस आणि दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या इमारतीचे कूलर दुरुस्त करत फिरायला लागलास. महिन्याभरात इराणी, मेक्सिकन, नायजेरियन, सगळे तुला नावानं हाक मारत होते. मला मात्र दोन वर्षं सगळे "विनूचा रूममेट" म्हणायचे. पदवी घेताना मी वर्गात पहिला होतो, पण स्टेजवरून उतरल्यावर एका मुलीनं माझं अभिनंदन कसं केलं आठवतं? "ओ, यू आर विनूज रूममेट!"

मी कॅलिफोर्नियाला गेलो. चिप डिझाइन, घर, बढती, सगळं रीतीनं झालं. तू तिथेच राहिलास, कोरडवाहू शेतीच्या प्रयोगशाळेत ठिबकच्या नळ्या आणि विहिरींच्या नोंदी सांभाळत. मी दर वर्षी विचारायचो, "विनू, त्या वाळवंटात काय ठेवलंय? इकडे ये." तू दर वर्षी म्हणायचास, "उन्हाची सवय आहे बे." मला वाटायचं, तुला जमलं नाही म्हणून तू असं म्हणतोस. खरं सांगतो, असं वाटून घेण्यात मला आनंद होता. तुझं लग्न झालं नाही, मुलं नाहीत, गाडी वीस वर्षं जुनी. बायकोला, सुमनला, मी म्हणायचो, बिच्चारा विनू. सुमन गेल्यावर तू विमानानं आलास, तेरा दिवस माझ्या स्वयंपाकघरात उभा राहिलास, तेव्हाही आलेल्या-गेलेल्यांना मी तुझी ओळख करून देताना म्हणालो, "हा आमचा विनू, एकटाच असतो." तू ऐकलंस. पोहे परतत राहिलास.

मग ईशा तुझ्या शहरात शिकायला आली.

ईशा माझी एकुलती एक नात, माझ्या मुलाची, निखिलची मुलगी. सनीव्हेलला वाढलेली. मीच तिला सांगितलं, तिथे माझा मित्र आहे, काही लागलं तर हक्कानं जा. ती पहिल्याच महिन्यात शुक्रवारी तुझ्याकडे आली. त्या टेबलावर "तू कुठली?" हा प्रश्न विचारायचा नाही, असा तुझा नियम. नव्या माणसाला तू विचारायचास, "ताप आला की तुझ्या घरी काय देतात?" आणि जे सांगेल ते त्यानं पुढच्या शुक्रवारी करून आणायचं. बाकी सगळ्यांनी मुकाट्यानं खायचं, नावं ठेवायची नाहीत. ओमानच्या पोरानं कसलीशी गव्हाची लापशी आणली होती, मारिसोलनं शेवयांचं पाणीदार सूप. तू स्वतः तिकडच्या वाळवंटातल्या टेपरी नावाच्या कडधान्याची उसळ करायचास आणि मेक्सिकन पोळीबरोबर वाढायचास. हे सगळं ईशा मला फोनवर सांगायची. इंग्रजीत.

इथेच मला पहिला काटा टोचला. अठरा वर्षं मी त्या मुलीशी मराठीत बोललो आणि त्यातली बहुतेक वर्षं तिनं मला इंग्रजीत उत्तरं दिली. लहानपणी बोलायची, पण मी प्रत्येक वाक्य दुरुस्त करायचो. 'ती गेला' नाही, 'ती गेली'. मग तिनं बोलणंच सोडलं. आणि तुझ्याकडे चार महिने जाऊन आली, नाताळच्या सुट्टीत दारात उभी राहून निखिलला म्हणाली, "बाबा, काय करून राहिले तुम्ही?" सगळे हसले. निखिलच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "राहिले काय? काय करताय म्हण." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ओके, आजोबा," आणि परत इंग्रजीवर गेली. रात्रभर मी तुझ्यावर जळत होतो, विनू. तू तिला शिकवलंस म्हणून जळत नव्हतो. तू तिला न शिकवता ती बोलली, म्हणून.

दुसऱ्या वर्षी तिनं कॉम्प्युटर सोडून पाण्याचं शास्त्र घेतलं. मी तुला फोन केला, तो आपला शेवटचा मोठा वाद.

"तू माझ्या नातीचं डोकं फिरवलंस."

"मी काऊन फिरवू? ती विहिरी मोजायला माझ्यासंगं आली होती एकदा. तिथल्या ओओडम आदिवासींच्या पोरींबरोबर दिवसभर दोरी सोडत बसली. तिलाच आवडलं."

"विहिरी मोजून कुणाचं भलं झालंय?"

तू म्हणालास, "माझं झालं की." मी म्हणालो, "हे आपण भेटल्यावर बोलू." भेटलो तेव्हा दोघांनीही विषय काढला नाही. तो तसाच पडून आहे. आता एकट्यानं त्याची माझी बाजू मांडत बसतो आणि दर वेळी हरतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. आमच्या मंडळाच्या अंकात जूनमध्ये एक फोटो छापून आला. मी पांढऱ्या शर्टात, गळ्यात निळा स्टोल, शेजारी ईशा, खाली ओळ: 'आजोबांना नातीची मानवंदना.' गावभरच्या लोकांनी मला फोन करून सांगितलं की डोळे भरून आले. म्हणून हा मजकूरही मंडळाच्याच पुढच्या अंकात छापायला दिला आहे.

इकडच्या विद्यापीठांत एक प्रथा आहे, तुला माहीतच होती. पदवी घेणारं मूल गळ्यात स्टोल घालून स्टेजवर जातं आणि समारंभ संपला की तो काढून एका माणसाच्या गळ्यात घालतं. इथपर्यंत मला ज्यानं आणलं तो हा, असं सगळ्यांदेखत सांगायचं. सूनबाईनं मला एप्रिलमध्ये ही प्रथा सांगितली. ती सांगताना हसत होती, त्यामुळे मला वाटलं तो माझ्यासाठीच. मी इंटरनेटवर फोटो बघितले. रंग निळा असेल तर शर्ट पांढरा हवा, म्हणून नवा पांढरा शर्ट आणला. वय वर्षं पंचाहत्तर.

समारंभाच्या आठवडाभर आधी ईशाचा फोन आला. परीक्षा संपत होत्या, घाईत होती. "आजोबा, आय गॉट सिक्स टिकेट्स. मॉम, डॅड, तुम्ही, नाना-नानी, अँड विनूआजोबा. त्यांना तुम्ही कॉल कराल? ही नेव्हर चेक्स ईमेल." मी करतो म्हणालो. मग तिनं आवाज बारीक केला. "अँड डोन्ट टेल हिम, ओके? द स्टोल इज फॉर हिम. इट्स अ सरप्राइज."

तिनं माझ्यावर विश्वास टाकला होता, विनू. हे मला तेव्हाही कळलं होतं.

मी तुला फोन लावला. तू नेहमीसारखा "बोल बे पुणेकर" म्हणालास. मी म्हणालो, "अरे, डिपार्टमेंटनं तिकिटं कमी केली. पाचच मिळाली. घरचेच पाच होतात." तू "बरं" म्हणालास.

ईशाला मी सांगितलं, विनूला ऊन सोसत नाही हल्ली, नाही म्हणाला.

ती म्हणाली, "ऊन? बट ही इज फ्रॉम नागपूर!"

मी म्हणालो, "वय झालं गं त्याचं." आपण दोघं एकाच वर्षाचे.

हॉलमध्ये एसी चालू होता. आमच्या ओळीत सहावी खुर्ची माझ्या शेजारी होती. मी तिच्यावर माझी टोपी आणि कार्यक्रमपत्रिका ठेवली. एक मेक्सिकन आजीबाई फुलांचा मोठा गुच्छ सांभाळत आली, तिच्या घरचे फार जण होते. तिनं विचारलं, ही जागा कुणाची आहे का? मी म्हणालो, हो, आहे. ती दीड तास मागे भिंतीला टेकून उभी राहिली. तुला येऊ दिलं नाही, आणि तुझी जागा दुसऱ्या कुणाला देववली पण नाही. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

समारंभानंतर अंगणात ईशा इकडेतिकडे बघत होती. मग तिनं स्टोल काढला, हातात धरून उभी राहिली आणि शेवटी माझ्या गळ्यात घातला. "यू केम," एवढंच म्हणाली. निखिलनं फोटो काढला. मी हसलो आहे त्यात.

दुपारी जेवण होतं, संध्याकाळी विमान. सूनबाई म्हणाली, विनूकाकांना भेटून येऊ पटकन. ईशा म्हणाली, "नो. इट्स फाइन." पुढच्याच आठवड्यात ती नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला नोकरीवर गेली. तू तिच्या फोनवर एकदा निरोप ठेवलास, अभिनंदन केलंस. तिनं परत फोन केला नाही. मे गेला, जून गेला, जुलै गेला. मला हे ठाऊक होतं. ती मला सांगायची, आणि मी म्हणायचो, करशील गं नंतर सवडीनं. तिचा राग तुझ्यावर होता तोवर ती मला दर रविवारी फोन करत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दर रविवारी. मी ते रविवार हातचे जाऊ देणार नव्हतो.

मग तुझ्या शेजाऱ्यांचा फोन आला, तू झोपेत गेलास म्हणून.

शुक्रवारी ईशाही कॅरीहून आली होती. पोरं एकेक करून तुझ्याबद्दल बोलली. कुणी तू विमानतळावर आणायला गेलास ते सांगितलं, कुणी तू त्याला सायकलची चेन बसवायला शिकवलंस ते. ईशाची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली नाही. बसल्या बसल्याच म्हणाली, "मी त्यांना कॉल बॅक केला नाही. ही कुडन्ट कम टु माय ग्रॅज्युएशन, अँड आय वॉज सो मॅड. तीन महिने. एका म्हाताऱ्या माणसाला ऊन लागतं म्हणून." नेपाळच्या मुलींनी तिला जवळ घेतलं. मी सोफ्यावर होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पाणी प्यायलो.

नंतर भांडी घासायच्या गडबडीत मारिसोल माझ्याकडे आली आणि मला निरखून म्हणाली, "थांबा. तुम्ही पिवळ्या भातवाले आजोबा का?" मला कळेना. तिनं समजावून सांगितलं. पहिल्या शुक्रवारी तू ईशाला तापाचं विचारलंस, तेव्हा ती म्हणाली होती, माझे आजोबा मऊ भात करतात, वर तूप आणि एक पिवळी पूड घालतात, आणि मी झोपेपर्यंत पायाशी बसतात. तू म्हणालास, ते मेतकूट. पुढच्या शुक्रवारी तिनं भात केला, मेतकूट तू मागवून ठेवलं होतंस. "तेव्हापासून इथे कुणीही आजारी पडलं की विनू तेच करून न्यायचे," मारिसोल म्हणाली. "माझ्या वसंताची रेसिपी, असं म्हणून."

तू मला सांगितलं होतंस रे. एकदा फोनवर म्हणालास, "तुझं मेतकूट फेमस होऊन राहिलं इथं." मला वाटलं, टोमणा मारतोस. मी विषय बदलला. चार वर्षं त्या टेबलावर माझं नाव घेतलं जात होतं, आणि मी सनीव्हेलला बसून समजत होतो की मला तिथे जागाच नाही.

मी ईशाला मागच्या ओसरीवर बोलावलं. ऊन उतरत होतं, पण फरशी तापलेली होती. मी सगळं सांगितलं. सहा तिकिटं, फोन, ऊन सोसत नाही ते. एकही शब्द मऊ केला नाही, कारण केला असता तर तो तिनं ओळखला असता. ती ऐकत होती. संपल्यावर मी पिशवीतून स्टोल काढला. म्हणालो, हा तुझा तू घे, मला नको.

"नको," ती म्हणाली. "तो आता कोणाचाच नाही."

आत कुणीतरी नळ सोडला, बंद केला. मला वाटलं, उठून जाईल. गेली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती तिथेच बसून राहिली आणि मला मराठीत म्हणाली, "माझे तीन महिने घेतले तुम्ही. त्यांचे पण." चूक काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. आणि विनू, तो हेल तुझा होता. त्याही क्षणी मला त्याचा हेवा वाटला. असला माणूस आहे मी, हेही नोंदलेलं असू दे.

"तिकीट नाही म्हटल्यावर ते काय म्हणाले?" तिनं विचारलं.

वर मी लिहिलंय की तू "बरं" म्हणालास. ते अर्धंच आहे. तिलाही मी आधी तेवढंच सांगितलं होतं. ती म्हणाली, "अजून काय? विनूआजोबा नुसतं बरं म्हणून फोन नाही ठेवत."

मग मी सांगितलं. तू म्हणाला होतास, "बरं. पण मला यायचं होतं असं तिला सांगू नको, तिकिटं कमी पडली म्हणून तिला उगाच लागेल. आणि पाह्य बे, तिचं नाव घेतलं ना, की जोरात टाळ्या वाजव. माझ्या वाटच्याही तूच वाजव."

ईशानं डोळे पुसले नाहीत. वाहू दिले. मग माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "वाजवल्या?"

तिचं नाव पुकारलं तेव्हा निखिल व्हिडिओ काढत होता. सूनबाई उभी राहून ओरडत होती. नाना-नानी टाळ्या वाजवत होते. मागे भिंतीशी ती मेक्सिकन आजीसुद्धा, ओळख ना पाळख, गुच्छ काखेत धरून वाजवत होती. मी शेजारच्या खुर्चीकडे बघत होतो. तू नाहीस, याचं मला समाधान वाटत होतं.

"नाही," मी म्हणालो.

माझे दोन्ही हात मोकळे होते, विनू. मी ते मांडीवर ठेवून बसलो होतो.